गिट रेपोतून संवेदनशील माहिती हटवणे

कामाच्या सामायिक रेपोत (फाइली आणि त्यांच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) चुकून गेलेले पासवर्ड, एपीआय की (एका प्रणालीला दुसरीत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) किंवा लोकांची वैयक्तिक माहिती त्याच्या संपूर्ण इतिहासातून काढून टाकण्याची प्रक्रिया. फाइल डिलीट करून नवा कमिट (बदलांची नोंद) टाकला की काम झाले, हा समज सर्रास आढळतो आणि तोच सर्वांत घातक आहे. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी तयार केलेल्या गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत, जुना कमिट तसाच राहतो. क्लोन (रेपोची इतिहासासह प्रत) घेणारा कोणीही तो उघडून फाइल वाचू शकतो.

समजा, नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातली एखादी छोटी कंपनी द्राक्षबागायतदारांसाठी ॲप बनवते आहे. चाचणीसाठी घेतलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातल्या तक्त्यात) दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांची नावे, मोबाइल, आधार आणि बँक खाते क्रमांक आहेत. शेजारच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड. या दोन चुका सारख्या नाहीत. पासवर्ड ताबडतोब बदलावा. तो एकदा रद्द झाला की जुन्या कमिटमधल्या अक्षरांना किंमत उरत नाही. आधार क्रमांक मात्र असा बदलून मिळत नाही. म्हणून इतिहास साफ करण्याची खरी गरज शेतकऱ्यांच्या यादीला आहे, आणि घाईत नेमकी तीच मागे पडते.

सफाईसाठी पूर्वी गिट फिल्टर-ब्रँच वापरत. ते संथ आणि धोक्याचे असल्याने आता गिटचे अधिकृत दस्तऐवजच गिट फिल्टर-रेपो सुचवतात. बीएफजी हे आणखी एक साधन. फिल्टर-रेपो ताज्या क्लोनवर चालवतात. नको असलेली फाइल ते प्रत्येक कमिटमधून वगळते. फक्त मजकूर बदलायचा असेल तर पासवर्डच्या जागी ठरलेली खूण घालते. प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये (त्याच्या आशयावरून काढलेल्या ओळखखुणेत) आधीच्या कमिटचा हॅश गुंतलेला असतो. त्यामुळे एक जुना कमिट बदलला की त्याच्यापुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात, आणि नवा इतिहास फोर्स पुश करावा, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्या इतिहासाच्या जागी जबरदस्तीने चढवावा लागतो.

इथे काम तांत्रिक कमी आणि माणसांचे जास्त होते. टीममधल्या एकाने जरी जुन्या क्लोनवरून मर्ज करून (जुना आणि नवा इतिहास जोडून) पुश केले, तरी काढलेली यादी पुन्हा रेपोत येते. म्हणून आधी सर्वांना कळवावे, अर्धवट काम पुश करून घ्यावे, आणि नंतर प्रत्येकाला जुना क्लोन पुसून नवा घ्यायला लावावा. फोर्क (इतरांनी घेतलेल्या रेपोच्या स्वतंत्र प्रती), बॅकअप आणि सीआय सर्व्हरवरच्या (कोडची आपोआप चाचणी करणाऱ्या यंत्रावरच्या) प्रतीही तपासाव्यात. गिटहब या रेपो ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्टच्या (बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) नोंदींमध्ये जुने कमिट टिकून राहतात. ते काढायला गिटहबच्या सपोर्टकडेच विनंती करावी लागते.

माहिती बाहेर फुटली असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.