वुपाटकी

वुपाटकी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागातील प्राचीन प्यूब्लो वस्ती व तिच्याभोवतीचे राष्ट्रीय स्मारक. फ्लॅगस्टाफ शहराच्या ईशान्येस, ८९ क्रमांकाच्या महामार्गाला दोन्ही टोकांनी मिळणाऱ्या सुमारे ५६ किमी.च्या वळणरस्त्यावर हे स्थळ आहे. याच रस्त्यावर दक्षिणेकडे सनसेट क्रेटर हा ज्वालामुखीचा शंकू लागतो. ‘प्यूब्लो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव. दगडमातीच्या, एकमेकींना लागून बांधलेल्या खोल्यांच्या अनेक मजली वस्त्यांना आणि त्या बांधणाऱ्या समाजांनाही हेच नाव पडले. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी ९ डिसेंबर १९२४ रोजी या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

मुख्य वस्ती पाहण्यासाठीची पायवाट जेमतेम ०.८ किमी.ची आहे. माहितीकेंद्राच्या मागून ती सुरू होते, तांबड्या भिंतींच्या कडेने उतरत जाते आणि वळसा घेऊन परत येते. मुलाबाळांना, वयस्कांना अर्ध्या-पाऊण तासात जमेल इतकी ती सोपी आहे. तरीही पाणी आणि टोपी बरोबर असलीच पाहिजे, कारण वाटेवर सावली जवळजवळ नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. दुपारी वारा सुटतो आणि खालची काळी राख तापते.

ही राखच इथल्या इतिहासाची किल्ली आहे. इ. स. १०८५ च्या सुमारास सनसेट क्रेटरचा उद्रेक झाला आणि शेकडो चौ. किमी. जमिनीवर काळी राख व बारीक खडी पसरली. ज्वालामुखीच्या जवळची घरे आणि शेते गाडली गेली, माणसे परागंदा झाली. मात्र दूरवर, जिथे राखेचा थर पातळ होता, तिथे त्याने आच्छादनाचे काम केले. पाऊस खाली मुरू दिला आणि मुरलेली ओल उडू दिली नाही. वुपाटकीच्या भोवती पाऊस वर्षाला साधारण २०-२२ सेंमी.च पडतो. अशा ठिकाणी मका, घेवडा, भोपळा आणि कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला मुठीएवढी जास्तीची ओलही केवढी मोलाची होती, हे आपल्याकडच्या अवर्षणग्रस्त भागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. लोक इथे जमले ते केवळ राखेमुळे, असे आता अभ्यासक म्हणत नाहीत. त्या काळातील तुलनेने बरा पाऊस आणि आसपासच्या समाजांची स्थलांतरेही ते कारणांत धरतात. उद्रेकाची आठवण मात्र लोकांनी जपली होती. कणसांचे ठसे उमटलेले लाव्ह्याचे दगड या भागातील एका जुन्या वस्तीत सापडले आहेत. वितळलेल्या लाव्ह्याजवळ कणसे मुद्दाम नेऊन ठेवल्याखेरीज असे ठसे उमटणे कठीण. भयंकर घटनेलाही नैवेद्य द्यावा, असा भाव त्यामागे असावा, असे हे दगड पाहून वाटते.

बाराव्या शतकात वुपाटकीचे घर वाढत गेले. सुमारे १०० खोल्या, काही भाग तीन मजली. मोएन्कोपी वालुकाश्माच्या चपट्या तांबड्या लाद्या मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या. बांधणाऱ्यांनी मूळचा खडक फोडून काढला नाही, त्यालाच जोते आणि मागची भिंत करून घेतले. त्यामुळे खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे काही ठिकाणी दोनदा पाहावे लागते. इ. स. ११८२ च्या सुमारास इथे ८५ ते १०० माणसे राहत होती आणि एका दिवसाच्या चालीच्या अंतरात काही हजारांची वस्ती होती, असा अंदाज आहे. छतांच्या लाकडांतील वाढीची वर्तुळे मोजून असे काळ ठरवता येतात. ही पद्धत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ॲरिझोनातच विकसित केली.

राहणारे एकाच कुळीचे नव्हते. सिनाग्वा, कायेंता आणि कोहोनिना या तिन्ही परंपरांच्या खुणा भांड्यांवरून आणि बांधणीवरून ओळखता येतात. ‘सिनाग्वा’ म्हणजे पाण्याविना. हे नाव विसाव्या शतकातील संशोधकांनी दिलेले आहे, त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. पॅसिफिक किनाऱ्यावरील शिंपले, पिरोजा, तांब्याच्या घंटा आणि मेक्सिकोकडील दमट जंगलांतून आणलेल्या मॅकॉ पोपटांचे सांगाडे इथे मिळाले. लाल पिसांसाठी एवढा मोठा पक्षी जिवंत ठेवत वाळवंटातून पायी आणणे, हा उद्योग साधा नव्हे.

पायवाट उतरताना आधी छत नसलेली एक गोल सभाजागा लागते आणि पुढे लंबगोल चेंडूमैदान. दगडी बांधणीची अशी मैदाने फार थोडी आहेत, आणि ज्ञात मैदानांपैकी हे अगदी उत्तरेकडचे. चेंडूचा हा खेळ दक्षिणेकडील होहोकाम लोकांमार्फत इथवर पोचला असावा.

मैदानाजवळच जमिनीत एक लहानसे भोक आहे आणि वाटेवरचे सर्वांत विलक्षण ठिकाण हेच. त्याखाली चुनखडकातील भेगांचे मोठे जाळे आहे. बाहेरचा हवेचा दाब उतरला की आतली हवा जोराने वर येते, दाब वाढला की बाहेरची आत खेचली जाते. उन्हाळ्याच्या दुपारी त्यावर हात धरला तर गार झोत लागतो, केस उडतात. होपी या ॲरिझोनातील प्यूब्लो समाजाच्या परंपरेत यापोन्चा हा वाऱ्याचा देव याच मुलुखातील खडकाच्या भेगेत राहतो. जमीन श्वास घेते, हे ज्यांनी रोज अनुभवले त्यांनी घर नेमके इथे बांधले, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही.

त्याच रस्त्यावर आणखी छोट्या वाटा आहेत. वुकोकीचा तीन मजली मनोरा मोकळ्या मैदानात एकाच खडकावर उभा आहे. कारागिरी पाहायची तर तिथे जावे. लोमाकी (होपी भाषेत ‘सुंदर घर’) एका अरुंद घळीच्या काठावर आहे. सिटाडेल आणि नालाकिहू या दोन जुन्या वस्त्या शेजारी शेजारी आहेत.

सुमारे १२५० पर्यंत ही घरे रिकामी झाली. नंतरच्या काळात नाव्हाहो या दुसऱ्या मूलनिवासी समाजाची कुटुंबे या परिसरात मेंढ्या राखून राहिली. स्मारक झाल्यावर त्यांतील अनेकांना हळूहळू बाहेर पडावे लागले, आणि ही बाजूही वुपाटकीच्या इतिहासाचाच भाग आहे. १९३० च्या दशकात उत्खनन झाले, काही खोल्या पुन्हा बांधून त्यांत वनरक्षक राहिलेही. पुढे ती नवी बांधकामे काढून टाकण्यात आली.

होपी लोक इथल्या रहिवाशांना ‘हिसात्सिनोम’, म्हणजे फार पूर्वीची माणसे, म्हणतात आणि आपले पूर्वज मानतात. ‘अनासाझी’ हा पूर्वी रूढ असलेला शब्द नाव्हाहो भाषेतून आला. त्यात शत्रू असा अर्थ असल्याने प्यूब्लो वंशजांना तो आवडत नाही, म्हणून तो टाळावा. होपींच्या लेखी वुपाटकी ओसाड पडलेले नाही. कुळे ठरलेल्या प्रवासात इथे थांबली, पुढे गेली, आणि पूर्वज अजून तिथेच आहेत. काही होपी कुळे आजही या जागेशी नाते सांगतात. म्हणून भिंतींवर चढू नये, वाट सोडू नये आणि वाटेकडेला दिसलेले खापर उचलू नये. ती खापरे होपींच्या दृष्टीने पूर्वजांची पाऊलखूण आहेत, आणि ती मुद्दाम मागे ठेवलेली आहेत.