हवा खाली का बसत नाही आणि वर का उडत नाही

‘गुरुत्वाकर्षणाने पृथ्वीची हवा धरून ठेवली आहे’ हे वाक्य शाळेत एका दमात सांगून होतं. खोटं नाही, पण त्याने अर्धंच काम होतं. पृथ्वी हवेला खाली ओढते, तर मग ती धुळीसारखी जमिनीवर येऊन का बसत नाही? आणि बसत नाही म्हणजे तिच्या अंगात वर जाण्याची काहीतरी धमक आहे. मग ती धमक तिला पार अवकाशात का नेत नाही? या कोड्याची उकल व्हायला अडीचशे वर्षं लागली, आणि तिचा मधला दुवा लिहिला गेला तो मुंबईत.

आधी हवेला वजन आहे हेच पटायचं होतं. विहिरीवरचा पंप पाणी दहा मीटरच्या वर खेचत नाही, हे कोडं गॅलिलिओच्या काळापासून पडून होतं. त्याचा शिष्य तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. नळीतला पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला; बाहेरच्या हवेच्या वजनाने तो तेवढा तोलून धरला होता. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने १६४४ च्या पत्रात लिहिलं. समुद्र असेल तर वर जाताना तो उथळ व्हायला हवा. फ्रेंच गणिती पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्युई द दोम डोंगरावर नळी घेऊन चढला. आपल्या कळसूबाईहून थोडा बुटका डोंगर, १,४६५ मीटरचा. दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एक साधू बसवला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर उतरला; साधूसमोरचा जागचा हलला नाही. खालची नळी राखायची ही अक्कल मला चढाईपेक्षा मोठी वाटते.

(भास्कराचार्यांचा उल्लेख इथे कुणीतरी करणारच. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीची आकृष्टिशक्ती आहे आणि जमिनीपासून बारा योजनांपर्यंतचा ‘भूवायू’ही आहे. पण एकीवरून दुसरा काढलेला नाही. तो धागा आपण मागाहून जोडू नये.)

न्यूटनने १६८७ मध्ये ओढ गणितात बसवली. हवा खाली का बसत नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचं उत्तर गतीत होतं, आणि ते नीट मांडणाऱ्यांपैकी एक होता जॉन जेम्स वॉटरस्टन. हा एडिंबराचा इंजिनिअर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवायला मुंबईत आला. शिकवून उरलेल्या वेळात त्याने एक निबंध लिहिला आणि १८४५ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडला. म्हणणं असं: वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या कणांचा थवा, उष्णता म्हणजे त्यांची धाव, आणि एकाच तापमानाला हलके कण जास्त वेगाने पळतात, जड कण कमी. हवेचा उभा स्तंभ गुरुत्वाकर्षणाखाली कसा तोलला जातो, याचंही गणित त्यात होतं.

परीक्षकांपैकी एकाने शेरा मारला: निव्वळ मूर्खपणा, सभेत वाचायच्याही लायकीचा नाही. गोषवारा तेवढा छापला गेला. नियमाप्रमाणे हस्तलिखित सोसायटीकडेच राहिलं, आणि वॉटरस्टनने प्रत ठेवली नव्हती. १८५७ मध्ये तो मुंबई सोडून मायदेशी परतला. क्लॉसियस आणि मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांनी तोच विचार स्वतंत्रपणे मांडून नाव कमावलं. १८८३ मध्ये वॉटरस्टन एके दिवशी घरातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पुढे १८९१ मध्ये सोसायटीचे सचिव लॉर्ड रॅले यांना दप्तरात ते बाड सापडलं, आणि १८९२ मध्ये ते छापून आलं. सत्तेचाळीस वर्षं उशिरा.

त्या बाडातल्या कल्पनेने दोन्ही प्रश्न सुटतात. आपल्या खोलीतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावतो. वाटेत कुणी आडवं आलं नाही आणि तो सरळ वर गेला, तर जेमतेम १३ किलोमीटर चढून परत खाली येईल. म्हणून हवा बसतही नाही आणि फार वर जातही नाही. तिचा निम्मा भार साडेपाच किलोमीटरच्या आतच असतो. पृथ्वी सोडायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. चंद्राला २.४ पुरतात, म्हणून तो उघडा राहिला. ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव देणाऱ्या जॉन्स्टन स्टोनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विचार ग्रहांना लावला आणि जेम्स जीन्सने विसाव्याच्या सुरुवातीला त्याचं सूत्र बांधलं. खरी गळती होते ती पाचशे किलोमीटरच्या आसपास, जिथे टक्कर द्यायला शेजारीच उरत नाही. तिथे तापमान हजार केल्विनच्या घरात असतं आणि हायड्रोजनचा अणू सेकंदाला सरासरी पाच किलोमीटर वेगाने पळतो. त्यातले चपळ निसटतात. ऑक्सिजनच्या अणूचा वेग सेकंदाला सव्वा किलोमीटरवरच अडकतो.

हेलियमचा हिशेब मात्र जुळेना. युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गी क्षयातून तो जमिनीतून सतत येतो, तरी हवेत दहा लाखांत पाचच भाग आहे. जीन्सच्या वाटेने एवढा हेलियम जाऊच शकत नव्हता. १९६८ मध्ये ध्रुवीय वाऱ्याची कल्पना पुढे आली: वरच्या थरात हलके इलेक्ट्रॉन निसटू पाहतात, जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) मागे राहतात, दोघांमध्ये विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते आयनांना वर उपसतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला आपण सरसकट हवा राखणारी ‘ढाल’ म्हणतो, पण ध्रुवांपाशी त्याच्या अवकाशात उघडणाऱ्या रेषा याच वाऱ्याला वाट करून देतात. आणि शुक्राला स्वतःचं असं क्षेत्र नसताना तिथल्या हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून जास्त आहे.

हे विद्युत क्षेत्र इतकं क्षीण की पन्नास वर्षं ते मोजताच आलं नाही. नासाचं ‘एन्ड्युरन्स’ रॉकेट ११ मे २०२२ रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून उडालं आणि ७६८ किलोमीटरपर्यंत गेलं. निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये छापून आले: मोजलेला फरक ०.५५ व्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या बटण-सेलच्याही निम्म्याहून कमी. तेवढ्यावर हायड्रोजनच्या आयनाला वर ओढणारं बळ गुरुत्वाकर्षणाच्या दहा पटींहून जास्त भरतं.