कॉन्सुलचा शिक्का रेसिडेंटच्या टेबलावर कसा आला

रत्नागिरीच्या बाजूला ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर होतं त्यांच्या जुन्या पेटीत कधी कधी 'नली' सापडते. नली म्हणजे खलाशाचं छोटंसं पुस्तक, त्यात बोटीचं नाव, कधी चढला, कधी उतरला, काम कसं, वागणूक कशी, आणि त्यावर सही शिक्का. वागणुकीच्या रकान्यात 'व्हेरी गुड' असलं की पुढची बोट मिळायला सोपं जायचं, नाहीतर शिपिंग ऑफिसचे हेलपाटे सुरू. म्हणून बोटीवरच्या माणसाचे कागद कोणाच्या हातात, सही कोणाची चालते, हा प्रश्न कोकणातल्या घरांसाठी पोटापाण्याचा होता.

मुंबईत ती सही शिपिंग मास्तरची. १८५९ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांत शिपिंग ऑफिसं आली, भरती आणि सुटका (म्हणजे नोकरीतून मोकळं करणं) दोन्ही तिथेच. पण बोट परमुलखात लागली तर? तिथे इंग्लंडचा कायदा चालवायला कॉन्सुल, म्हणजे परदेशी बंदरात इंग्लंडने नेमलेला सरकारी प्रतिनिधी. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात तर सरळ लिहिलं होतं की ज्या बंदरात कॉन्सुल आहे तिथे बोट ४८ तास थांबली तर तेवढ्यात कप्तानाने खलाशांचा करार त्याच्याकडे जमा करायचा. बंदर वसाहतीतलं असेल तर हेच कागद कस्टमच्या मुख्य अधिकाऱ्याकडे. म्हणजे काम तेच, शांघायला ते कॉन्सुलने करायचं आणि एडनला सरकारी नोकराने, कारण एडन १८३९ मध्ये घेतल्यापासून मुंबई सरकारच्याच हाताखाली होतं आणि स्वतःच्या मुलखात कोणी कॉन्सुल नेमत नाही.

खरी गंमत मधल्या बंदरांची आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं झांझिबार, ओमानचं मस्कत, इराणचं बुशायर. राज्य तिथल्या सुलतानाचं किंवा इराणच्या शाहाचं, पण इंग्रज साहेब जायचा तो मुंबईहून. १८४१ मध्ये झांझिबारला गेलेला हॅमर्टन मुंबई आर्मीतला कॅप्टन, तो एकाच वेळी इंग्लंडच्या राणीचा कॉन्सुल आणि ईस्ट इंडिया कंपनीचा एजंट, म्हणजे एक रिपोर्ट लंडनच्या फॉरेन ऑफिसला (परराष्ट्र खात्याला) आणि दुसरा मुंबईला. तो १८५७ ला वारला, पुढच्या वर्षी आलेला रिग्बी पण मुंबई आर्मीचाच. बुशायरचा रेसिडेंट, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारचा तिथला प्रतिनिधी, तर आधी नुसता राजकीय अधिकारी होता, त्याला १८७८ मध्ये फार्स प्रांताचा कॉन्सुल जनरल पण करून टाकलं.

असं का केलं असेल? मला वाटतं एक तर खर्च, एकाच पगारात दोन कामं. आणि दुसरं म्हणजे तिथला इंग्रजी प्रजेचा व्यापार मुळात कच्छ, काठियावाड आणि मुंबईच्या भाटिया-खोजा पेढ्यांचा, ती माणसं, त्यांची भाषा, त्यांचे वाद मुंबईच्या अधिकाऱ्यांना माहीत, लंडनहून आलेल्याला काय कळणार. त्यात १८६२ पासून ब्रिटिश इंडिया या बोट कंपनीच्या टपाल बोटी इराणच्या आखातात जायला लागल्या, झांझिबारला १८७२ पासून, मग बोटींची कामं पण वाढत गेली.

पण खलाशाच्या बाजूने बघा. कप्तानाने मारलं, उपाशी ठेवलं, पगार कापला, तर परमुलखात दाद मागायची ती कॉन्सुलकडे, आणि इथे कॉन्सुल म्हणजे तोच साहेब ज्याला सुलतानाचं राजकारण सांभाळायचंय आणि टपाल बोट वेळेवर सोडायचीय. प्रकरण मोठं असेल तर कायद्यात 'नेव्हल कोर्ट' होतं, ३ ते ५ जणांचं, त्यात नौदलाचा अधिकारी, कॉन्सुल, दुसऱ्या व्यापारी बोटीचा कप्तान, आणि उरलेल्या जागी असेच कोणी कप्तान, नौदलवाले किंवा इंग्रज व्यापारी. खलाशांतला एकही नाही! कप्तानाला काढायचा अधिकार त्या कोर्टाला होता हे खरं, पण खलाशाला काढायचा आणि त्याचा पगार जप्त करायचा पण होताच. १९०६ च्या दुरुस्तीने तर जिथे कॉन्सुल नाही तिथे खलाशाच्या सुटकेला मंजुरी द्यायला दोन इंग्रज व्यापारी सुद्धा चालतील असं होतं. बोटीत ज्यांचा माल त्यांच्याच जमातीच्या हातात खलाशाची सुटका, ही गोष्ट मला अन्यायाचीच वाटते.

हे सगळं कायद्यात बसलं ते एका व्याख्येमुळे. १८८९ च्या इंटरप्रिटेशन कायद्यात कॉन्सुलर ऑफिसर म्हणजे कॉन्सुल, व्हाइस कॉन्सुल वगैरे तर होतेच, शिवाय त्या वेळी कॉन्सुलचं काम करायचा अधिकार दिलेली कोणीही व्यक्ती. या 'कोणीही'त रेसिडेंट, एजंट सगळे मावायचे.

झांझिबार १८८३ मध्ये फॉरेन ऑफिसकडे गेलं, आखात मात्र १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अधिकाऱ्यांकडेच राहिलं. आणि आपण १९५८ मध्ये स्वतःचा मर्चंट शिपिंग कायदा केला तेव्हा त्यात 'भारतीय कॉन्सुलर अधिकारी' या शब्दाची व्याख्या करताना तीच शेपटी परत जोडली, केंद्र सरकारने कॉन्सुलचं काम करायला अधिकार दिलेली कोणीही व्यक्ती.