कातरवेळ आणि पळती भाचरं

भाचरांचे, पुतण्यांचे सगळ्यात गोड फोटो संध्याकाळच्या फेरफटक्यात मिळतात आणि सगळ्यात जास्त फोटो वायाही तेव्हाच जातात. दोन्हींचं कारण एकच, उतरता उजेड.

सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचे किरण, तो डोक्यावर असताना जेवढी हवा ओलांडतात त्याच्या सुमारे ३८ पट हवेतून येतात. वाटेत हवेचे रेणू निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतात आणि तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. शिवाय तो आडवा येत असल्यामुळे डोळ्यांखाली आणि नाकाखाली दुपारसारख्या काळ्या सावल्या पडत नाहीत. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेलात तर ओली वाळूही आभाळाचा उजेड खालून चेहऱ्यावर टाकते. मुलांचे गाल अशा वेळी काय सुरेख दिसतात!

पण हे सुख फार टिकत नाही. भर दुपारी उघड्यावर उजेड एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) आसपास असतो. सूर्य बुडताना तो काहीशे लक्सवर येतो आणि पुढच्या २२ ते २४ मिनिटांत तीन-चार लक्सपर्यंत घसरतो. म्हणजे साधारण शंभर पटींनी घट, तीही भेळ खाऊन होईपर्यंत. लंडनला जूनमध्ये याच घसरणीला पाऊण तासाच्या आसपास लागतो. आपल्याकडे सूर्य जास्त सरळ खाली उतरतो, म्हणून अंधारही चटकन पडतो. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण बाहुल्या मोठ्या होतात आणि मेंदू सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मात्र शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

आणि मुलं काही थांबत नाहीत. चार-पाच वर्षांचं मूल सेकंदाला सहज तीन मीटर पळतं. शटर सेकंदाच्या ५०० व्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्यात ते ६ मिलिमीटर सरकतं, फोटोत कळतही नाही. सेकंदाच्या ३० व्या भागात तेच १० सेंटिमीटर होतात आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा उरतो.

बिघडलेला फोटो लगेच पुसू नका, मोठा करून नीट बघा. मागची नारळाची झाडं, होडी, सगळंच हललेलं असेल तर तुमचा हात हलला. झाडं स्वच्छ आणि फक्त मूल पुसट असेल तर मूल हललं. हा फरक महत्त्वाचा आहे. फोनमधली कंपनरोधक सोय फक्त हाताचा थरकाप सावरते, धावणाऱ्या भाचीवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. तिथे शटरचा वेग वाढवायचा किंवा नेमका क्षण पकडायचा, एवढंच हातात असतं.

आणि क्षण पकडण्यात भौतिकशास्त्र आपल्या बाजूने असतं. मूल २० सेंटिमीटर उंच उडी मारतं असं धरा. जमिनीवर परत टेकताना त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या घरात असतो, पण उडीच्या अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर शून्य होतो. सेकंदाच्या ३० व्या भागात ते टेकताना साडेसहा सेंटिमीटर सरकेल. तेवढ्याच वेळात टोकाच्या आसपास मात्र जेमतेम दीड मिलिमीटर! शटर तेच, उजेड तोच, फक्त क्षण वेगळा. म्हणून जागच्या जागी उड्या मारायला सांगा आणि मूल टोकाला पोचण्याच्या किंचित आधी बटण दाबा. झोपाळ्यावरही हेच. दोन्ही टोकांना झोका थबकतो, मधे सर्वात जोरात असतो. पळणाऱ्या मुलाला आडवं जाऊ देण्यापेक्षा आपल्याकडे धावत यायला सांगितलं, तरी चौकटीत ते कमी सरकतं.

फोनच्या नाइट मोडवर मी मुलांच्या बाबतीत विसंबत नाही. उजेड कमी असला की सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवरच्या, एकेका बिंदूवर मोजकेच प्रकाशकण पडतात. दहा हजार कण आले तर त्यात शंभरेक कमी-जास्त होतात, म्हणजे एक टक्का. शंभरच आले तर दहाएक, म्हणजे दहा टक्के. फोटोत दाणे दिसतात ते यामुळेच. नाइट मोड बरेच फोटो एकावर एक ठेवून हा दाणेदारपणा घालवतो. देवळाचा कळस त्यात छान येतो, पण मूल प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं आणि चेहरा मेणचट होतो. मला दाणेदार पण हसरा चेहरा केव्हाही जास्त आवडतो.

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दोन मीटरवरच्या मुलाला जेवढा मिळेल, त्याच्या पावच चार मीटरवरच्या आजीला. अंधारात मोठ्या झालेल्या बाहुलीतून तो आत जातो आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या डोळ्याच्या मागच्या थराचा लाल रंग घेऊन परत येतो. लाल डोळ्यांचं कारण एवढंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फोटोत बाहुली पांढरी दिसली, तर मात्र लक्ष द्या. मूल जरा बाजूला बघत असेल तर डोळ्याच्या मज्जातंतूवरून परतलेला उजेडही पांढरा दिसू शकतो. पण एकाच डोळ्यात फोटोमागून फोटो पांढरी चकाकी येत असेल, तर तो मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. तो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि लवकर सापडला तर जीव वाचतो, अनेकदा नजरही. असा फोटो वाईट आला म्हणून पुसू नका. मुलाला वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि फोटोही त्यांना दाखवा.