१७० किलोची गाठ

दिवाळीच्या सुमारास खान्देशातल्या जिनिंगांमध्ये कापसाच्या गाड्या लागतात. सरकी निघाल्यावर उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, आणि गाठीचे प्रमाण वजन १७० किलो धरतात. काट्यावर मात्र एखादी १६८ भरते, पुढची १७१. मग १६८ची गाठ पाहून प्रेसवाल्याने पुढच्या गाठीत दोन किलो रुई वाढवावी का?

आंरी फायोल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच कार्ये मांडली, त्यांतले शेवटचे नियंत्रण: मानक ठरवायचे, प्रत्यक्ष काम मोजायचे, फरक काढायचा आणि दुरुस्ती करायची. (मुकादमाने डोळे वटारणे यात कुठेच बसत नाही.) पण कोणता फरक दुरुस्त करायचा, याचे नेमके उत्तर १९२४ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी दिले. प्रत्येक कामात अंगभूत, योगायोगाची चढउतार असतेच. तिच्याहून वेगळे, शोधून काढता येईल असे कारण घडले तरच हात घालावा. समजा, ही चढउतार दर्शवणारे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण पडणारा फरक, एक किलो आहे. तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची तिप्पट, म्हणजे १६७ ते १७३ ही नियंत्रण मर्यादा झाली. चढउतार सामान्य वितरणानुसार असेल, म्हणजे बहुतेक वजने सरासरीजवळ आणि दूरची क्वचितच पडत असतील, तर हजारातल्या सुमारे ९९७ गाठी या पट्ट्यातच पडतात. १६८ची गाठ पट्ट्यात आहे, म्हणून ती तशीच जाऊ द्यावी. प्रेसवाला दर गाठीमागे मात्रा बदलत बसला, तर मागच्या गाठीची योगायोगाची चूक तो पुढच्या गाठीवर लादतो, आणि वजनांचा पसारा आटोक्यात येण्याऐवजी सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. मला हे गणित प्रथम पटले नव्हते. कागदावर वीसेक गाठी मांडून पाहिल्यावर पटले.

अर्थात काटा सगळे सांगत नाही. १७० किलोत पाणी किती, हे त्याला कळत नाही, आणि गाठ बांधून झाल्यावर ओलाव्याचा अहवाल आला तर तो फक्त पुढच्या हंगामाच्या कामाचा. म्हणून ओलावा आधीच, गाडी उतरण्यापूर्वी मोजतात. भारतीय कपास महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते, आणि त्याहून ओला कापूस शेतकऱ्याला गाडीतच परत न्यावा लागतो.