रात्रीत मरणारी पॉवर बँक

"मामा, ह्यो डबा रात्रीचाच मरतोय बघा." ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर तासगावच्या भाच्याचा फोन आला. डबा म्हणजे पॉवर बँक. द्राक्षबागेतले तापमान आणि हवेतला ओलावा टिपणारे एक छोटे यंत्र त्याने स्वतःच जुळवले होते. डावणी या बुरशीजन्य रोगाचा अंदाज बांधायला ते बरे पडते. संध्याकाळी बटण दाबून घरी यावे आणि सकाळी जाऊन पाहावे तर सगळे थंड. शेजारच्या बागवाल्याने नजर लागल्याचे निदान करून खांबाला लिंबू-मिरचीही बांधून दिली होती.

बँक रात्री मरत नव्हती. भाच्याने पाठ फिरवल्यावर अर्ध्या मिनिटातच मरत होती, कळत होते सकाळी. लिंबाबद्दल म्हणाल तर त्यातून वीज निघते हे खरे, पण एकीकडे जस्ताची आणि दुसरीकडे तांब्याची पट्टी खुपसल्यावर, आणि तीही जेमतेम एक व्होल्ट. दोऱ्याला टांगून निघत नाही.

पॉवर बँकेतही बिघाड नव्हता. आतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होत आला की ३ च्या आसपास. यूएसबीला मात्र ५ व्होल्ट लागतात. कमी दाबाच्या विजेतून जास्त दाबाची वीज काढायची कशी? शाळेतला ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाही, कारण त्याला एसी लागते आणि सेल देतो डीसी. इथे जी युक्ती वापरतात ती मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

कृष्णेचे पाणी उचलून शेतावर नेणाऱ्याला ती अर्धी ठाऊकच असते. मोटर चालू आहे, पाइपलाइन भरून वाहतेय आणि अचानक लाइट जाते. चढावरचे पाणी मागे फिरते, एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, धाडकन मिटतो आणि अख्खी लाइन हादरते. जोड कच्चा असेल तर उडतोही. वाहते पाणी एकदम अडवले की दाब उसळतो, पंपाच्या रोजच्या दाबाच्याही वर जातो. कॉइलमधल्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातल्या, प्रवाहाचा स्वभाव हाच. सेलपासून कॉइलमधून वीज वाहू द्यायची; प्रवाह वाढत जातो आणि कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. मग स्विचने वाट तोडायची. कॉइलला एकदम थांबणे जमत नाही, ती प्रवाह पुढे रेटतच राहते, आणि त्यासाठी लागेल तेवढे व्होल्टेज स्वतः उभे करते. सेलचे ३.७ आणि वर कॉइलचा हा रेटा मिळून वीज एका डायोडमधून पलीकडच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या टाकीत, ढकलली जाते. डायोड म्हणजे विजेचा एनआरव्ही, परत येऊ देत नाही. सेल ३.७ वर असेल तर प्रत्येक फेरीतला साधारण २६ टक्के वेळ स्विच चालू ठेवायचा, ३ वर उतरला तर ४० टक्के. की पलीकडे बरोबर ५ व्होल्ट. आणि हा स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडतो-मिटतो, म्हणून तर कॉइल शेंगदाण्याएवढी पुरते.

पण ही उघडझाप फुकट होत नाही. बाहेर कुणी काही घेत नसले तरी स्विच चालवणारी चिप जागी राहते आणि थोडी थोडी वीज खाते. बँक तशीच कपाटात राहिली तर काही आठवड्यांत सेल तळाला जाईल, आणि लिथियम-आयन सेल फार खोल उतरला की कायमचा बिघडतो. म्हणून नियम घातलेला असतो: भार अमुकपेक्षा कमी, तोही अमुक वेळ, की झोपून जा. आयपी५३०६ ही चिप पुष्कळ स्वस्त बँकांत असते. तिचा नियम ४५ मिलिअँपियर आणि ३२ सेकंदांचा. फोन भरून झाला असेच ती समजते. भाच्याचे यंत्र दर १५ मिनिटांनी क्षणभर जागे होणारे. एरवी त्याला एक मिलिअँपियरही लागत नाही.

मग मर्यादा ५ मिलिअँपियर का ठेवत नाहीत? प्रवाह मोजायला वाटेत एक नगण्य रोध लागतो, समजा १० मिलिओहम. एक अँपियर गेला तर त्यावर १० मिलिव्होल्ट पडतात, ते वाचता येतात. ४५ मिलिअँपियरला पडतात अर्धा मिलिव्होल्टही नाही. स्वस्त अॅम्प्लिफायरची स्वतःची चूकच तेवढी असते. त्याखाली चिपला खरोखर काही ऐकू येत नाही.

काही बँकांना बटण दोनदा दाबले की घड्याळ किंवा इअरबडसाठी कमी प्रवाहाचा मोड लागतो, पण तोही बहुधा दोनेक तासांत सुटतो. बागेत रात्रभर बटण दाबायला कोण बसणार? ५ व्होल्टवर ३३ ओहमचा रेझिस्टर कायम लावला तर १५० मिलिअँपियर जातात आणि बँक जागी राहते, पण १०,००० मिलिअँपियर-तासांची बँक दोन दिवसांत संपते. खोक्यावरचा तो आकडा ३.७ व्होल्टचा आहे हेही लक्षात ठेवा; ५ व्होल्टवर, वाटेतली गळती धरून, वाट्याला येतात ६,३०० च्या आसपास. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

सतत ओढायची गरज नाही. दर २० सेकंदांनी एक सेकंद ओढले तरी तिचे ३२ सेकंद पुन्हा शून्यापासून सुरू होतात. सरासरी खर्च ७ मिलिअँपियर. त्यासाठी ठरावीक वेळाने चालू-बंद करणारा ५५५ टायमर, १९७१ साली हान्स कॅमेंझिंडने रचलेला, अजून बाजारात आहे. साधा घेऊ नका, तो एकटाच ३ मिलिअँपियर खातो. सीमॉस जातीचा ७५५५ घ्या. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, वरचा रेझिस्टर २७० किलोओहम, खालचा १५. एक खोच आहे. या मांडणीत आउटपुट चढलेले राहते २० सेकंद आणि उतरते एक सेकंद, कारण कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरमधून भरतो आणि फक्त खालच्यातून रिकामा होतो. म्हणून उतरल्यावर चालू होणारा पीएनपी ट्रान्झिस्टर लागतो. मी पहिल्यांदा सवयीने त्याच्या उलटा, चढल्यावर चालू होणारा एनपीएन लावला. २० सेकंद चालू, एक सेकंद बंद. ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडला आणि बोटाला चटका बसला. आता एक वॅटचा लावला आहे.

तुमच्या बँकेचा नियम वेगळा असू शकतो. काहीही न जोडता बँकेचे बटण दाबून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा, मग १०० ओहमपासून एकेक रेझिस्टर लावून कुठला तिला जागे ठेवतो ते पाहा. डबा उन्हात ठेवू नका, वेलीच्या सावलीत बांधा.

सात मिलिअँपियरच्या हिशेबाने कागदावर ३७ दिवस निघतात. चिपची भूक आणि यंत्राचा खर्च धरला की ते बरेच आटतात. भाचा दर दुसऱ्या रविवारी बँक बदलतो.