सिंकखालचं कचरा दळायचं यंत्र घेण्याआधी

दोन-तीन माणसांच्या घरासाठी यंत्र घ्यायला आलेले ग्राहक आधी विचारतात, "किती हॉर्सपॉवरचं घेऊ?" आम्ही विचारतो, "तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?" यंत्र चुकीचं निघालं तर बदलून देता येतं. तुंबलेला शोषखड्डा उकरावाच लागतो.

हे यंत्र कचरा नाहीसा करत नाही. आत एक चकती फिरते, तिच्यावर बोथट ठोकळे असतात. मिक्सरसारखी पाती नसतात. खरकटं फेकलं जाऊन बाजूच्या दातेरी कड्यावर घासतं, बारीक होतं आणि पाण्याबरोबर पाइपात उतरतं. अमेरिकेतल्या जॉन हॅमेस या वास्तुशिल्पकाराने १९२७ मध्ये ते घडवलं. घराखालून मोठी गटारलाइन जात असेल तिथं ते शोभतं. आपल्या गावांत मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, नाहीतर उघड्या नालीत जातं.

शोषखड्ड्यात दगडांमधल्या फटींतून पाणी मुरतं. दळलेला लगदा त्याच फटींत बसतो. नालीत सोडला तर शेजाऱ्याच्या दारापुढे साचून सडतो, माश्या होतात. सेप्टिक टँकमध्ये गाळ लवकर भरतो आणि उपसा आधी करावा लागतो.

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. सुरुवातीला एका घरी खड्डा न पाहताच यंत्र बसवून दिलं. पावसाळ्यात पाणी मोरीत उलटं आलं. खड्डा उपसला, दगड धुऊन पुन्हा भरले, यंत्र परत घेतलं. त्या माउलींना झालेला त्रास आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून खड्डा पाहिल्याशिवाय यंत्र विकत नाही.

तालुक्याच्या गावात भूमिगत गटारलाइन असेल, किंवा सेप्टिक टँक मोठा असेल आणि वेळेवर उपसला जात असेल, तर जरूर घ्या. लहान घराला अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. आठवड्याला मटण-कोंबडी होत असेल तर पाऊण घ्या. एक हॉर्सपॉवरचे पैसे तुमच्याकडून घ्यायला आम्हाला बरं वाटणार नाही. दळायचे भाग स्टेनलेस स्टीलचे हवेत. सिंकचं भोक साधारण ९० मिलिमीटरचं लागतं, आपल्याकडच्या पुष्कळ सिंकांचं लहान असतं. कुणी परदेशातून ११० व्होल्टचं यंत्र आणून दिलं तर ते आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, जळेल. वेगळा प्लग आणि खरी अर्थिंग हवीच, कारण ओल्या हाताने काम करायची ही जागा आहे.

चालवताना आधी थंड पाण्याचा नळ सोडा, मग यंत्र सुरू करा, मग खरकटं थोडं थोडं टाका. दळल्याचा आवाज थांबला तरी थोडा वेळ पाणी वाहू द्या. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत असेल तर याचा विचार आधीच करा. शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, मक्याची पानं, आंब्याची कोय, कांद्याची टरफलं, तेल-तूप आत नको. उरलेला भात पसाभर टाकला तर फुगून पाइपात बसतो. यंत्र अडकलं तर प्लग काढा, तळाच्या भोकात षटकोनी चावी (ॲलन की) घालून फिरवा, मग तळाचं लाल बटण दाबा. आत हात घालायचा नाही, यंत्र बंद असलं तरी नाही.

ज्यांच्याकडे शोषखड्डा आहे त्यांना आम्ही झाकणाच्या दोन बादल्या सुचवतो. यंत्रापेक्षा यात आमचा फायदा फारच कमी, पण गावातल्या घराला हेच जुळतं. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी जाळीदार विटांच्या टाक्यात कंपोस्ट करायची पद्धत दिली. त्यांचं टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. ते शेताला ठीक. दोघातिघांच्या खरकट्याला भोकं पाडलेली २० लिटरची बादली पुरते. चांगली देठं-सालं गाईला द्या, बाकीचं बादलीत. दर थरावर मूठभर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरा, सुरुवातीला थोडं शेण कालवून टाका. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा, कुटार वाढवा आणि खालीवर करा. पहिली भरली की दुसरी सुरू करा. अडीच-तीन महिन्यांत पहिलीतलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मटणाची हाडं आणि तेलकट तर्री मात्र यात नको, कुत्री बादली पाडतात.

दुकानात येताना सिंकच्या भोकाचं माप, ओट्याखालची उंची आणि खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली लिहून आणा. मोजता आलं नाही तर आमचा मिस्त्री घरी येऊन पाहील, त्याचे पैसे नाहीत.